कॉम्प्युटर हळू करून हवाय

पलासियाच्या त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची तक्रार एकच असे: मशीन हळू चालतं. त्या वर्षी अख्ख्या इंदौरला घाई झाली होती. त्यामुळे यशोधरा महाशब्देंनी काउंटरपाशी उभं राहून आपलं म्हणणं सांगितलं, तेव्हा दुकानदाराने कानातली काडी बाहेर काढली.

"भाभीजी, फिर से बोलो."

"माझा कॉम्प्युटर फार जोरात चालतो," यशोधरा शांतपणे म्हणाली. "हळू करून मिळेल का?"

"हळू तर मेरा भतीजा करून देईल. दोन दिवस त्याच्या हातात द्या, बंद भी पडेल." मग तिच्या चेहऱ्यावर हसू नाही हे बघून तो वरमला. "पण करायचंय काय तुम्हाला?"

"गेम खेळायचाय."

दुकानदाराने काडी परत कानात घातली.

गेम तिला खेळायचा नव्हता. ती मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि खेळण्याबिळण्यात तिला रस नव्हता. गेम रघुवीरचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा होता. कापडाची मिल चालू होती तेव्हा रघुवीर तिथल्या कॉम्प्युटर रूमचा इन्चार्ज होता. मिलमध्ये कॉम्प्युटर एकच. त्याला वेगळी खोली, वेगळा एसी, मखमली झाकण, आणि दसऱ्याला झेंडूचा हार. मोठे साहेबसुद्धा जोडे दाराबाहेर काढून आत यायचे. यायचे क्वचितच, आणि आल्यावर काय विचारावं ते न सुचल्याने लवकर जायचे. उरलेल्या वेळात रघुवीर एक गेम खेळायचा. खाली फळी, वर विटांची भिंत, मधे चेंडू. फळीने चेंडू उडवून विटा फोडायच्या. सगळ्या मिलमध्ये त्याचा हात कोणी धरू शकला नव्हता. तसे त्या खोलीत खेळणारे दोघंच होते, तो आणि ऑपरेटर नंदू.

मग मिल बंद पडली. मशीन खोलीसकट सील झालं. रघुवीरकडे राहिली ती गेमची फ्लॉपी आणि रविवारची गेट-मीटिंग. दर रविवारी मिलचे लोक बंद गेटपाशी जमत, मिल उघडेल असं एकमेकांना सांगत आणि घरी जात. रघुवीर इस्त्रीचा शर्ट घालून जायचा.

यशोधरेचा मामेभाऊ देवेंद्र पलासियालाच ट्रान्सपोर्टचं ऑफिस चालवायचा. त्याने जीजाजींसाठी कॉम्प्युटरवरची एक जागा धरून ठेवली होती, दिवाळीपर्यंत. "त्याच्यापुढे नाही जमणार, ताई. पार्टनर बोंबलतो." रघुवीरला सराव व्हावा म्हणून यशोधरेने घरी नवा पेंटियम घेतला. रघुवीरने जोडे काढले, हात जोडले, फ्लॉपी घातली आणि गेम सुरू केला. चेंडू दिसलाच नाही. पडदा लखकन चमकला आणि खेळ संपल्याचा पिपाणीसारखा आवाज आला. पुन्हा केलं, पुन्हा पिपाणी.

"ज्या मशीनला साधा चेंडू सांभाळता येत नाही," रघुवीर उठत म्हणाला, "त्याच्यावर मी लोकांच्या ट्रकांचा हिशोब लिहू? देवेंद्रला सांगून दे, मशीन ठीक झालं की बघू."

म्हणून ती दुकानात गेली होती. तिथून काही मिळालं नाही तेव्हा ती स्वतःच मशीनपुढे बसली. दोष काय आहे ते तिला संध्याकाळपर्यंत कळलं. गेम लिहिणाऱ्याने वेळ मोजायला घड्याळ वापरलंच नव्हतं. अमुक एवढे आकडे मोज आणि मग चेंडू एक घर सरकव, इतकंच त्याने मशीनला सांगून ठेवलं होतं. जुनं मशीन ते आकडे सावकाश मोजी. नवं मशीन मोजून केव्हाच मोकळं होई. यशोधरेने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गेम चालू असताना तो मशीनला मधूनमधून थांबवायचा आणि बेरजा करायला लावायचा. त्या बेरजांचं उत्तर कोणालाच नको होतं.

"म्हणजे मशीनला फुकट बसवून ठेवायचं?" रघुवीरने विचारलं.

"बसवून नाही. काम देऊन अडकवायचं."

"मग हे तर आमचं मॅनेजमेंटच झालं की."

जुन्या मशीनचा वेग तिने एका मासिकातून शोधला, गणित मांडलं आणि बरोबर तितका वेग ठेवला. चेंडू दिसू लागला. रघुवीर सरसावून बसला आणि हरला. पुन्हा हरला. जेवणापर्यंत हरतच राहिला.

"तुझं गणित चुकलंय, यशो."

असं तिला कोणी सहसा म्हणत नसे. तिने गणित तपासलं, मग दुसऱ्या पद्धतीने मांडून तपासलं. चुकलेलं नव्हतं. सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता तिने विचारलं, "अहो, मिलच्या मशीनवर वेग वाढवायचं टर्बोचं बटण होतं ना?"

"होतं की. नंदूने त्याच्यावर पट्टी चिकटवली होती. नवं मशीन दामटायचं नाही, हा मिलचा कायदा. माग नवा आला तरी आधी हळूच चालवायचे."

"आणि पट्टी काढली कधी?"

"काढायची कशाला? मशीन छान चालत होतं!"

यशोधरेने शेवेचा डबा बंद केला. टर्बो दाबला नाही तर ते मशीन मासिकातल्या वेगाच्या जेमतेम निम्म्याने चालायचं. म्हणजे मिलचा तो अजिंक्य खेळाडू इतकी वर्षं निम्म्या वेगाच्या चेंडूशी खेळत होता. हे सांगावं, असं तिला वाटलं. खरं ते सांगून टाकायची तिची सवयच होती. मग तिने रघुवीरकडे पाहिलं. तो पोह्यातले शेंगदाणे ताटाच्या कडेला सारत होता. "हातच गेला बहुतेक," तो म्हणाला, तिला नव्हे, शेंगदाण्यांना.

तिने बेरजा दुप्पट केल्या.

त्या दिवशी रघुवीरने भिंतीमागून भिंती पाडल्या. "बघ! म्हटलं होतं ना, गणित चुकलंय!" तो इतका खूश झाला की त्याने स्वतःच देवेंद्रला फोन लावला. यशोधरा आशेने दाराशी उभी राहिली.

"देवेंद्र भिया, तुझी नोकरी राहू दे," रघुवीर म्हणाला. "मला वाटलं होतं माझंच काही बिघडलंय. नाही, हात एकदम शाबूत आहे. आता मिल उघडेपर्यंत मी आरामात थांबू शकतो."

यशोधरा स्वयंपाकघरात गेली आणि नसलेली भांडी आवरू लागली. नवऱ्याला खुर्चीतून उठवायला निघालेल्या तिने त्याला सगळी मिल घरात आणून दिली होती, एसी सोडून.

मग ती रोज, रघुवीर अंघोळीला गेला की, थोड्या थोड्या बेरजा कमी करू लागली. इतक्या थोड्या, की वेग वाढलेला जाणवू नये. एखाद्या दिवशी तो म्हणायचा, "आज हात जड आहे." त्या दिवशी ती काहीच कमी करायची नाही, हात हलका झाला की पुन्हा कमी. नवरात्र गेलं, दसऱ्याला कीबोर्डला हळदकुंकू लागलं. मिलच्या निम्म्या वेगावरून चेंडू खऱ्या वेगाला आला आणि त्याच्याही पुढे गेला. रघुवीरची बोटं मागोमाग गेली. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. शेवटी एका दुपारी त्याने शेवटली भिंत पाडली. मिलमध्ये तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. पडद्यावर अभिनंदन आलं आणि मागोमाग पहिलीच भिंत पुन्हा उभी राहिली.

"एवढंच?" तो म्हणाला. "पुढे काही नाही?"

"नाही," यशोधरा म्हणाली.

त्याने फ्लॉपी काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "देवेंद्रकडे एक चक्कर मारून येऊ का? दिवाळीला अजून अवकाश आहे. नुसतं बघायला."

संध्याकाळी देवेंद्रचा फोन आला. "ताई, जीजाजी आले, माझ्या जुन्या मशीनवर गेम घालून बसले, आणि सगळ्या पोरांसमोर म्हणतात, हे मशीन आहे की बैलगाडी? हमारी मिल में तो मशीन उडती थी! पोरं नुसती बघत राहिली, काय बोटं चालत होती त्यांची! खरंच गं, मिलमध्ये एवढं फास्ट मशीन होतं?"

यशोधरेने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"जागा त्यांनाच देतोयस ना?"

"अगं, दिली! सोमवारपासून या म्हटलंय."

"मग होतं," ती म्हणाली.