तुमी काय घेतलासा?

“कुठल्या कागदावर अंगठा लावू, दत्तोपंत? तुमीच सांगा.”

येळ्ळूरच्या अक्काताईनं अंगठ्याला शाई लावून घेतली होती. पुढ्यात दोन छापील कागद होते. आमची बेळगावची मोटार सर्व्हिस एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती. भागीदारांनी आपल्या शेअरचे रोख पैसे घ्यायचे, नाहीतर त्याबदली नव्या कंपनीचे शेअर. पण रोकड ठरावीकच होती. ती डायरेक्टर मंडळींना पुरायची, तर खेड्यांतल्या लोकांनी शेअरच पत्करायला हवे होते. त्यासाठी ऑफिसातला सगळ्यात गरीब चेहऱ्याचा कारकून पाठवला होता, म्हणजे मी.

“शेअर घ्या. कंपनी मोठी आहे.”

“तुमी काय घेतलासा?”

माझ्या दोन शेअरचे रोख एकशे दहा रुपये आदल्याच दिवशी घरी पोचले होते.

“शेअरच,” मी म्हणालो.

“मग झालं की! तुमी शिकलेली मानसं.”

तिनं अंगठा दाबला. तिचे पाच शेअर म्हणजे विकलेल्या दोन म्हशी होत्या, हे मला ठाऊक होतं.

पुढं लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि दीड वर्षात नवी कंपनी बसली. शेअरचे नुसते कागद उरले. बाजारात येळ्ळूरचं कुणी दिसलं की मी गल्ली बदलायचो. असा मी शूर!

एके दिवशी सकाळी अक्काताई दारातच उभी. आता शिव्या खायच्या, असं मी मनाशी धरलं. खरं सांगतो, मला त्या हव्याच होत्या. तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवलं.

“तांदूळ हाईत, घरचं. मी एकटी, माझं शेतावर निभतंय. तुमी पगाराची मानसं, पदरात पोरं. तुमचं बी बुडालं म्हणून जिवाला लई लागलं बघा.”

“अक्काताई, माझं...”

माझं काहीच बुडालं नाही, एवढंच सांगायचं होतं.

“ऱ्हाऊ द्या. लाजायचं काय त्यात? आपुन दोगंबी फसलो.”

तेवढ्यात बायको बाहेर आली. घरात आलेले रुपये तिनंच मोजून ठेवले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. अक्काताईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“दादल्याला बोलू नगंस गं बाई. त्येनं काय मुद्दाम केलं न्हाय.”

बायकोनं गाठोड्याला हात लावला नाही. मीही लावला नाही. शेवटी अक्काताईनंच ते उचलून आमच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.