बारावं दार

नागरिकत्वाच्या मुलाखतीचं पत्र आलं. उमेदवार आजवर ज्या ज्या दारांतून कायमचा बाहेर पडला, ती सगळी दारं त्याने सोबत आणावीत, असं त्यात लिहिलं होतं. दारं पुसलेली असावीत आणि कुलपं काढलेली असावीत. शैलजा आवटीने पत्र दोनदा वाचलं, मग स्टुलावर चढून कपाटावरची मिरजेची कापडी पिशवी खाली काढली.

दारं गोळा करणं तसं अवघड नसतं. माणूस एखाद्या जागेतून कायमचा सुटला की त्याच्यापुरतं तिथलं दार आपोआप घडी होतं, इस्त्रीच्या चादरीसारखं, आणि तिथेच कुठेतरी कोपऱ्यात पडून राहतं. आपण जाऊन उचलायचं, एवढंच. शैलजाने आठवडाभर शहर पालथं घातलं. पहिल्या भाड्याच्या खोलीचं दार जिन्याखाली धूळ खात पडलं होतं. ज्या बेकरीत तिने सहा वर्षं पाव भाजले, तिच्या दाराला अजून वास होता. लेकीचा, इराचा, जन्म झाला त्या वॉर्डाचं आणि इराचे बाबा गेले त्या वॉर्डाचं दार एकाच इस्पितळात मिळालं, एकावर एक ठेवलेलं. मिरजेतल्या शाळेचं आणि कॉलेजचं दार तिच्या मामेभावाने, रेवणने, पोस्टाने धाडलं. अशी करत अकरा झाली. पत्रात मात्र बारा लिहिली होती.

बारावं कोणतं हे तिला माहीत होतं. तिने रेवणला फोन केला.

"घराचं दार काय निघंना बघ," रेवण म्हणाला. "जाग्यावरच हाय ते. आत्या त्यात उभी हाय."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून की. तुला बोलली नाही व्हय?"

बोलली होती. दर रविवारी फोनवर आई सांगायची, दार उघडंच ठेवलंय गं. शैलजाला वाटायचं, बोलायची पद्धत आहे. चौदा वर्षं तिने ते पद्धत म्हणूनच ऐकून घेतलं. जाऊन यायला तर हवंच होतं. पण इथला नियम असा की मधे देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षांची मोजणी पहिल्यापासून सुरू. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत ती राहिली. आता तिला स्वतःचा राग आला, पण राग करत बसायला वेळ नव्हता.

कारण पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. अर्ज मंजूर न झाल्यास उमेदवाराला त्याच दिवशी दुपारी चार वाजता परत पाठवण्यात येईल. इथे जन्मलेली मुलं इथेच राहतील. इरा तेरा वर्षांची. बाप गेलेला, दुसरं कुणी नाही. शैलजाला त्या देशाचं कसलंही कौतुक नव्हतं, झेंड्याचं नाही की पासपोर्टच्या रंगाचं नाही. तिला इराजवळ राहायचं होतं. तेवढ्यासाठी तिने शंभर प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती, राष्ट्रगीताच्या तिसऱ्या कडव्यासकट, जे त्या देशातल्या लोकांनाही येत नाही.

सकाळी दहाला त्या दोघी कचेरीत पोचल्या. चौदा नंबरची खोली. खोलीचं दार उघडंच ठेवायचं असा नियम होता, म्हणून इरा दारासमोरच्या बाकावर बसली आणि शैलजा आत. मधे जेमतेम दोन पावलांचं अंतर होतं. इराने डबा मांडीवर घेतला आणि अंगठा उंचावून दाखवला.

टेबलामागे अधिकारी बाई होत्या. चेहरा मायाळू, केस नीट विंचरलेले. त्यांच्या बाजूला दुभाषी बसले होते, साठीचे, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी स्वतःचं नाव पोतनीस असं सांगितलं.

"आपण कुठले?" शैलजाने विचारलं. आपलं माणूस दिसलं की आधी गाव विचारायचं, ही खोड कुठे जाते.

"अकोल्याचा," ते म्हणाले. "होतो."

अधिकारी बाईंनी पिशवी उलटी केली, दारं टेबलावर रचली आणि बोटाने मोजली. अकरा. त्यांनी पुन्हा मोजली. मग त्या काही बोलल्या आणि पोतनीसांनी ते मराठीत सांगितलं.

"विचारताहेत, बारावं कुठे आहे."

"ते निघत नाही."

"का?"

शैलजाने दाराबाहेर पाहिलं. बाक मघाशी होता तिथे नव्हता. व्हरांडा थोडा लांबला होता आणि इरा आता दहा-बारा पावलांवर होती. ती डब्याचं झाकण उघडून आत बघत होती. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"आई त्यात उभी आहे," शैलजा म्हणाली.

अधिकारी बाईंनी मान हलवली. हे असं नेहमीच होतं, अशा अर्थाची ती मान होती. त्यांनी एक कागद पुढे ओढला.

"त्या घरातून निघताना तुम्ही काय म्हणालात?"

तो दिवस शैलजाला काल घडल्यासारखा आठवत होता. सकाळी रिक्षा दाराशी उभी. आईने तळहातावर चमचाभर दही ठेवलं, ते तिने चाटलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते हं आई." आई म्हणाली, "ये." सगळेच असं म्हणतात. जाते म्हणायचं नसतं. लहानपणी शाळेला निघताना ती कधी चुकून "जाते गं" म्हणाली, तर आई मागून ओरडायची, दप्तर खाली ठेवायला लावायची, पुन्हा उंबऱ्याच्या आत घ्यायची आणि "येते" म्हणवून घेऊन मगच सोडायची. आपल्याकडे गेली म्हटलं की लोक पायात चपला घालून भेटायला निघतात, कारण गेली म्हणजे मेली.

"येते म्हणाले," शैलजा म्हणाली.

"केव्हा?"

"केव्हा असं नसतं. ते नुसतं म्हणायचं असतं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"नाही."

"मग खरं बोललात. म्हणजे तुम्ही परत जाणार आहात."

"तसं नाही. त्याचा अर्थ..." शैलजाने पोतनीसांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा की त्यांना. तुम्हाला माहीत आहे."

पोतनीसांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. अधिकारी बाईंनी कागद तिच्यासमोर सरकवला. त्यावर दोन चौकोन होते. एकापुढे छापलं होतं, खोटं बोलले. दुसऱ्यापुढे, परत जाणार आहे. दोन्हींपैकी कशावरही खूण केली तरी अर्ज बाद होतो, असं खाली लिहिलं होतं. शैलजाच्या पाठीला काहीतरी टेकलं. तिने वळून पाहिलं तर भिंत होती. भिंत पुढे सरकली होती आणि खुर्चीला मागे जायला जागा उरली नव्हती.

"तुमच्यासाठी चहा घेऊन जातो," पोतनीस उठले.

"घेऊन येतो, म्हणायचंय ना?"

"तेच," ते म्हणाले. "तो शब्द माझ्याकडे नाही. शपथेच्या दिवशी इथे जमा केला."

ते बाहेर पडले आणि थोड्या वेळाने कप घेऊन पुन्हा खोलीत दिसले. चहा गार होता. व्हरांडा फार लांब झालाय, असं ते म्हणाले. शैलजाने पाहिलं. इरा आता बोटाएवढी दिसत होती. ती काहीतरी खात होती, बहुधा पोळीचा लाडू.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?" शैलजाने विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही. भीती वाटायला लागली की माणूस काहीबाही विचारत सुटतो.

"दार आहे," पोतनीस म्हणाले. "कपाटात ठेवलंय."

तिने पुढे विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात अधिकारी बाईंनी सांगितलं की तिसराही मार्ग आहे. दिलेला शब्द मागे घ्यायची सोय आहे, फक्त जिला दिला तिच्यासमोर. बारावं दार त्यासाठी मागवून घेतलं आहे.

त्यांनी उजव्या भिंतीवरचा पडदा बाजूला केला. भिंतीत मिरजेचं दार बसवलेलं होतं. हिरवा रंग, पितळी कडी, आवटी लिहिलेली पाटी. उंबऱ्यावर आई उभी होती, डाव्या हातात दह्याची वाटी, उजव्या हातात चमचा. आईच्या मागे मिरजेची सकाळ होती आणि कुठेतरी शेजारी कुणी सतारीच्या तारा जुळवत होतं. आईचे पाय घोट्यापाशी सुजलेले होते. चौदा वर्षं उभं राहिलं की सुजणारच.

"किती वाळलीस गं," आई म्हणाली. "आत ये की."

शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला धावत जाऊन आईचे पाय चेपावेसे वाटले. पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की परत गेली असं धरलं जाईल, हे पोतनीसांनी हलक्या आवाजात सांगितलं.

"तीन वेळा म्हणायची मुभा आहे," ते पुढे म्हणाले. "तीनदा चुकलं तर चार वाजले असं समजायचं."

"काय म्हणायचं?"

पोतनीसांनी बोटाने हवेत शब्द लिहून दाखवला. तिने तो वाचला.

ती आईसमोर उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं. शैलजाने तोंड उघडलं आणि सवयीने बाहेर पडलं, "येते."

"ये," आई म्हणाली.

अधिकारी बाईंनी कागदावर रेघ मारली. भिंत आणखी सरकली. आता खुर्ची उभी राहत नव्हती, तिचे पाय दुमडले होते.

दुसऱ्या खेपेला शैलजाने डोळे मिटून घेतले. "जा..." एवढंच ती म्हणाली असेल.

"असं म्हणू नये गं," आई घाईने म्हणाली. "अभद्र असतं. येते म्हण, बाळ."

तिची जीभ तिथेच अडली. दुसरी रेघ पडली. तिने व्हरांड्याकडे पाहिलं. बाक दिसत नव्हता. पार टोकाला एक ठिपका होता, तो इराच्या लाल स्वेटरचा होता. इतक्या लांबून ते पोर हाक मारेल तर ऐकूही यायचं नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती भयंकर घाबरली. लेकरू परक्यांच्या हाती टाकून चार वाजता विमानात बसायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. आई म्हातारी आहे, ती समजून घेईल. आया समजून घेतात. असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरं होतं, म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटली.

"जाते," ती म्हणाली.

सतारीची तार थांबली. आईने वाटीत चमचा फिरवला.

"बरं," ती म्हणाली. "दही तरी घे."

शैलजाने उजवा हात पुढे केला. आईने चमचाभर दही तळहातावर ठेवलं. ते बर्फासारखं गार होतं. तिने हात तोंडाकडे नेला, पण अधिकारी बाईंनी मनगट धरलं. हाच हात शपथेला लागतो, वर करा.

तिने हात वर केला. दही मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याच क्षणी हिरवं दार बिजागरीकडून घडी व्हायला लागलं, एक घडी, मग दुसरी, पाटी आत, कडी आत. आई उंबऱ्यावरून हलली नाही. तिला हल असं सांगायचं शैलजाला सुचलं तोवर दार टेबलावर होतं. पोतनीसांनी ते बाकीच्यांवर ठेवलं. ती घडी इतरांपेक्षा जाड होती आणि हात लावला तर कोमट लागत होती.

"बारा," अधिकारी बाई म्हणाल्या.

मग पोतनीसांनी शपथ सांगितली आणि शैलजाने वाक्यामागून वाक्य म्हटलं. काय म्हटलं ते तिला पुढे आठवलं नाही. ती कोमट घडीकडे बघत होती. शेवटच्या वाक्याला जिभेखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं, दात पडावा तसं, न दुखता. पोतनीसांनी एक छोटी डबी तिच्या ओठांपाशी धरली, बंद केली आणि खणात ठेवली. खणात तशा पुष्कळ डब्या होत्या.

अधिकारी बाईंनी अभिनंदन केलं. हातात एक छोटा झेंडा दिला. भिंत मागे गेली, खुर्चीने पाय सरळ केले, व्हरांडा सरसर आखडला आणि इरा पहिल्यासारखी दोन पावलांवर दिसली. शैलजाला इतकं बरं वाटलं की तिला हुंदका फुटला. झालं होतं. आता कुणी त्यांना वेगळं करणार नव्हतं.

इरा बाकावरून उठली. डबा काखेत धरून ती खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली, एक हात चौकटीवर. लाडवाचा एक तुकडा तिने आईसाठी मुठीत राखून ठेवला होता.

"झालं ना आई?" ती म्हणाली. "चल. येतेस ना?"

शैलजाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द जिथे असायचा तिथे तिने जीभ फिरवली. हिरडी गुळगुळीत होती. तिने पुन्हा शोधलं. इरा वाट बघत होती. शैलजाने मान हलवायचं ठरवलं, हात करायचं ठरवलं, पण त्याआधीच जो शब्द तिच्याकडे उरला होता तो बाहेर पडला.

"जाते," ती म्हणाली.

इरा इथेच जन्मलेली. तिच्या मराठीत दोन्ही शब्द सारखेच होते. ती हसली, आणि दारात तशीच उभी राहिली.

पोतनीसांनी मिरजेची कापडी पिशवी झटकली आणि तिचं तोंड उघडून धरलं. खोलीच्या दाराच्या वरच्या बिजागरीपाशी पहिली घडी पडायला लागली होती.