तीन मजल्यांचा केक

“तीन मजल्यांचा केक म्हणे! आमच्या घराला एक मजला धड नाही, तोही गळतोय. आणि केकला तीन!”

दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून दोन्या चोना पुटपुटत होती. तिच्या मुलाने, फेर्मिनने, तिला कोपराने ढोसलं. “आई, गप्प बस ना जरा.”

खुर्चीत तिची नात यारेली, कालच नऊ पूर्ण झालेली, तोंडावर हात धरून. तो हात तिने काढावा म्हणून मला माझी तुटकी दाढ तिला दाखवावी लागली. तिचा वरचा पुढचा दात, कायमचा, तिरका तुटलेला.

“कसं लागलं?” डॉक्टर इत्सेलनी विचारलं.

“पडली,” फेर्मिन म्हणाला. “काल, वाढदिवसात. अंगणात.”

“पडली,” आजी म्हणाली.

“पडले,” यारेली म्हणाली, दोघांकडे बघून.

बावीस वर्षं मी इथे डॉक्टरांच्या हाताखाली आहे. टेकडीवरच्या बंगल्यांतली पोरं पोहण्याच्या तलावावर दात फोडून घेतात आणि त्यांच्या आया तुकडा दुधात घालून आणतात, कारण त्यांना कुणीतरी कधीतरी ते सांगितलेलं असतं. आमच्या वस्तीतली पोरं सगळी नुसतीच पडतात आणि तुकडा केरात जातो. माया कमी नसते. सांगणारं कुणी नसतं.

“तुकडा मिळाला तर तोच चिकटवते,” डॉक्टर म्हणाल्या. “तिचाच दात, तिचाच रंग. नाहीतर मसाला भरायचा. तो पिवळा पडणार, निघणार, पुन्हा भरायचा. मोठी होईपर्यंत हेच.”

“नळाशी तोंड धुताना रक्त दिसलं. तिथली सगळी माती चाळली हो मी, पिठाच्या चाळणीने,” फेर्मिन म्हणाला.

“माझी चाळणी,” आजी म्हणाली.

डॉक्टरांनी हिरडीतून चिमट्याने काहीतरी काढलं. लाकडाचं कुसळ, गुळगुळीत. मी पोरीचे केस मागे सारले, तर कानामागे गुलाबी क्रीम वाळून बसलेलं.

वाढदिवसाला केकचा पहिला घास हात न लावता तोंडाने घ्यायचा, सगळ्यांनी “मोर्दिदा! मोर्दिदा!”, चाव, चाव, असं ओरडायचं आणि मागून कुणीतरी डोकं केकात दाबायचं, हे आमच्याकडे घरोघरी. पण आमचे केक एकमजली, मऊ. तीन मजले उभे राहायला आत काठ्या लागतात.

“केक कुणी आणला होता?” मी विचारलं.

आजी भिंतीवरच्या पवित्र कुमारी मातेच्या तसबिरीकडे बघायला लागली. फेर्मिन आपल्या बुटांकडे.

“पाद्रिनोंनी,” यारेली म्हणाली. म्हणजे बाप्तिस्म्याला तिला हातावर घेणारे तिचे धर्मपिता, डॉन बाल्दोमेरो. त्यांच्याच चपलांच्या कारखान्यात तिचा बाप चामडं कापतो. “त्यांनीच मला...” तिने बापाकडे पाहिलं आणि हात पुन्हा तोंडावर नेला.

ते घरातसुद्धा कुणी बोललं नव्हतं. म्हणून तर केकचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“उरलेला केक कुठे आहे?”

“त्यांनाच दिला, मानाचा म्हणून,” आजी म्हणाली. “आज अकराच्या सुट्टीत कामगारांना वाटणार आहेत.”

घड्याळात अकराला सहा कमी.

फेर्मिनने फोन लावला. पोरीचा बाप आणि पाद्रिनो एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात. “कोंपाद्रे, नमस्कार... हो, मजेत... वहिनी बऱ्या? गुडघा काय म्हणतोय?... हो का... नाही, तपकिरी चामडं कपाटातच आहे...”

“फेर्मिन!” आजी म्हणाली.

फोनमधून डॉन बाल्दोमेरोंचा गडगडाट आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. “सुरी हातातच आहे, कोंपाद्रे! तुझा वाटा ठेवू का? आणि माझी राणी काय म्हणतेय? तुम्ही तिला अंगणात नीट बघत नाही हं!”

फेर्मिनने लेकीकडे पाहिलं. ती हसली नव्हती, तरी हात तोंडावरच होता.

“सुरी खाली ठेवा, कोंपाद्रे,” तो म्हणाला. “कुणाला एक घास देऊ नका. त्या केकमध्ये माझ्या पोरीचा दात आहे. ती पडली नाही. तुम्ही तिचं डोकं दाबलंत.”