सरळ रेघ

तिने धाकट्या भावाच्या मनगटावर वीज सोडली आणि त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा हलला नाही.

"हात गार असेल," ती म्हणाली. गार हातात मज्जातंतूचा संदेश मंदावतो, हे दवाखान्यात अकरा वर्षं नसा तपासायच्या याच मशीनवर बसून तिला पाठ होतं. तिने गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्याच्या हाताला गुंडाळला.

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून ब्रश गळायला लागला, कामं सुटली आणि तो तिच्या घरी येऊन राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती त्याला पाहुण्यांदेखत ऐकवायची. आज तिनेच त्याला इथे ओढून आणलं होतं. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष! शिकाऊ पोरींना ती नेहमी सांगे, मज्जातंतूत वीज तारेतल्यासारखी धावत नाही. त्याच्या भिंतीतली बारीक दारं एकामागून एक उघडतात, क्षार आत घुसतात आणि संदेश पुढे सरकतो. तंतू पेटला तर पूर्ण पेटतो, नाहीतर मुळीच नाही. तिथे सोंग चालत नाही.

तिने टॉवेल काढला, वीज वाढवली. पडद्यावरची रेघ सरळच राहिली.

"मशीनच बिघडलंय," म्हणत तिने तारा सोडवून स्वतःच्या हाताला लावल्या. तिचा अंगठा टुणकन उडाला.

मग तिने त्याचा हात उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी मांस आटून खळगा पडला होता. परक्याच्या हातावरचा खळगा तिने दारातूनच ओळखला असता. हा हात दोन वर्षं तिच्यासमोर ताटावर येत होता. तिला स्वतःची किळस आली.

"फार उशीर केलास रे. सुरुवातीलाच मनगटातली नस मोकळी केली असती, तर हात वाचला असता. आधी का नाही आलास?"

"आलो होतो, ताई."

"कधी?"

"पहिल्याच महिन्यात. या दारात उभा होतो. तू म्हणालीस, मशीन आजारी माणसांसाठी आहे, आळशांसाठी नाही. तुझ्या पोरी हसल्या."

तिला काही केल्या आठवेना.

त्याने डाव्या हाताने मनगटावरचा चिकट लेप पुसला आणि टॉवेलची घडी घालून तिच्यापुढे ठेवली.

"मग, झालो का पास?" त्याने विचारलं.