माझ्या जागेवर आलेला तो

मित्रांनो, मी भुसा भरलेलं अस्वल आहे. पण नर आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे माझा जळफळाट तुम्हाला कळेल.

मी स्वीडनच्या जंगलात वाढलो. तिथे लेकी आईच्या शेजारीच बिऱ्हाड थाटतात. त्या सगळ्या मायलेकींच्या रानात माझ्यापुढे उभं राहायची एकाही नराची टाप नव्हती. म्हणून तर शिकाऱ्याने मला हेरलं. पिल्लंवाल्या मादीला मारायची बंदी होती. नराचं काय, एक गेला तर दुसरा येईल, असं तो म्हणाला. मग माझं कातडं आयर्लंडला आलं आणि कासलबारजवळच्या एका हॉटेलात मी उभा राहिलो. पाहुणे माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे.

२०२० मध्ये लॉकडाउन लागलं, हॉटेल बंद झालं आणि माझ्यावर धूळ साचली. उन्हाळ्यात अनुया आली. ती अस्वलांच्या डीएनएचा अभ्यास करते. सोबत तिचा नवरा मकरंद होता, तो इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. माझ्या तळव्याचा एवढासा तुकडा कापताना ती त्याला सांगत होती, "मोठा नर मारला की बाहेरचा नर येतो. तो आधीच्याची पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर त्याच्याशी जुळतात."

बाहेरचा! माझ्या जागेवर! माझ्या झाडांना पाठ घासत असेल, माझ्या बेरी हादडत असेल. आयत्या बिळावर नागोबा! जळून जळून माझा जीव अर्धा झाला. आणि माझं एखादं तरी पिल्लू वाचलं का, हे कुणाला विचारणार?

पुढच्या उन्हाळ्यात हॉटेल उघडलं आणि दोघं पुन्हा आली. अनुयाने त्या जंगलातल्या अस्वलांचे केस तपासले होते.

"अरे, याची एक मुलगी वाचली," ती म्हणाली. "आईने तिला गावाजवळ ठेवलं असणार, मोठे नर तिकडे फिरकत नाहीत. आता तिलाच दोन पिल्लं आहेत."

"ग्रँड! म्हणजे हे आजोबा झाले की."

"हो, पण पिल्लांचा बाप तोच. नवा नर."

माझी लेकरं मारणारा माझाच जावई! मित्रांनो, पोटात सगळा कोरडा भुसा, तिथेच पेटलो नाही हेच नशीब.

"आणि आता त्याला कोणी गोळी घातली तर?" मकरंदने विचारलं.

"तर आणखी एक बाहेरचा येईल. मग ही दोन पिल्लंही जातील."

मित्रांनो, मी अजूनही त्याच्यावर जळतो. तो मला डोळ्यांसमोर नको. पण तुमच्यातलं कोणी उद्या बंदूक घेऊन त्या रानात गेलंच, तर एवढं ऐका. त्या दांडगटाला जगू द्या.