झडप कोणी लावली

मनिवानला रशियन जेवढं समजायचं त्याहून बरंच जास्त समजतं, असा सगळ्यांचा समज होता. त्याला कारण तिची मान. समोरचं माणूस बोलू लागलं की ती हसून मान हलवायची. तिकडे लाओसमध्ये, पाक्सेला, मोठी माणसं बोलताना असंच करायचं असतं. त्याचा अर्थ 'कळलं' असा नसतो, 'ऐकते आहे' एवढाच असतो. रशियातल्या तोम्स्कमध्ये मात्र लोक त्याचा अर्थ 'कळलं' असाच घेत.

पहिले दोन महिने ती विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिली. खोलीतल्या तिघीही लाओसच्याच, त्यामुळे दिवसभर लाओ आणि वर्गापुरतं रशियन. शेवटी भाषा शिकवणाऱ्या रिम्मा अर्काद्येव्हना वैतागल्या. "असंच चाललं तर पाच वर्षांनी पदवी घेशील आणि दुकानात पाव मागताना बोटच दाखवशील," त्या म्हणाल्या. "माझ्या आईकडे राहायला जा. ती मिनिटभर गप्प बसत नाही."

क्लावाआजी खरंच गप्प बसत नसे. तीस वर्षं ट्रामवर तिकिटं फाडलेली, त्यामुळे आवाज चढाच. लाकडी घराच्या मधोमध घर गरम ठेवणारी विटांची मोठी भट्टी होती, आणि ती पेटवताना, बटाटे सोलताना, औषध घेताना आजीचं तोंड चालूच असे. मनिवानचं नाव तिने पहिल्याच दिवशी 'मान्या' करून टाकलं होतं. मनिवान मान हलवी, आणि न कळलेले शब्द कानाला जसे ऐकू आले तसे वहीच्या मागच्या पानावर लाओ लिपीत टिपून ठेवी. मग वर्गात विचारी.

जानेवारीतली ती सकाळ उणे एकतीस अंशांची होती. आजीचा गुडघा रात्रभर ठणकत होता. पहाटे उठून तिने भट्टीत लाकडं घातली आणि नऊच्या सुमाराला ती पलंगावर आडवी झाली.

"मान्या, पोरी, मी जरा पडते. तू निघताना भट्टीकडे बघ. निळ्या ज्वाळा आहेत तोवर धुराड्याच्या झडपेला हात लावू नकोस, नाहीतर मी उगारीश होईन. विझल्या की लाव. नाही विझल्या तर मला उठव. कळलं ना?"

मनिवानला 'झडप' कळलं, 'निळ्या ज्वाळा' कळलं, 'लाव' कळलं. तिने मान हलवली. 'उगारीश' वहीत टिपलं.

निघताना तिने भट्टीचं दार उघडून पाहिलं. लाल निखाऱ्यांवर बोटभर उंचीच्या निळ्या ज्वाळा थरथरत होत्या. आजी म्हणाली होती त्याच या, असं तिला वाटलं. तिने धुराड्याची लोखंडी झडप आत ढकलली, आजीच्या पायांवर शाल घातली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

वर्ग साडेदहाला सुरू झाला. अकराच्या पुढे कधीतरी शंका विचारायची वेळ आली तेव्हा तिने वही उघडली. "उगारीश म्हणजे काय?"

रिम्मा अर्काद्येव्हना हसल्या. "हा आईचा शब्द. मला लहानपणी रोज ऐकवायची. धूर दिसत नाही, वास येत नाही, पण निखारे निळे जळत असताना झडप लावली की विषारी हवा खोलीत कोंडते. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. त्याला—"

पुढचं मनिवानला ऐकू आलं नाही. ती उभी राहिली. बोलायचं होतं ते सगळं आधी लाओमध्येच सुचलं.

"आजी," ती म्हणाली. "झोपली. भट्टी. झडप... झडप बंद झाली."

रिम्मा अर्काद्येव्हनांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग अंगणापलीकडच्या गेन्नादीला. तो बस चालवायचा आणि त्या दिवशी सुट्टीवर होता. "गेना, काच फोड, दार फोड, काय वाटेल ते कर, आईला बाहेर काढ." तिसरा फोन रुग्णवाहिकेला. तो बोलत बोलतच त्या जिन्यावरून उतरल्या. कोट खांद्यावर नुसता टाकलेला. मनिवान मागे पळाली. तिला कोणी ये म्हणालं नव्हतं, नको असंही म्हणालं नव्हतं.

टॅक्सीत दोघी शेजारी बसल्या होत्या. सिग्नलला गाडी थांबली की रिम्मा अर्काद्येव्हना पुढच्या सीटची कड घट्ट धरत. मनिवान वाक्य जुळवत होती. एक शब्द 'मी', एक शब्द 'लावली'. दोन्ही तिला पहिल्या आठवड्यातच शिकवले होते. तोंड उघडेना.

गेन्नादीने आजीला ओसरीवर आणून घोंगड्यात गुंडाळलं होतं. त्याचा हात काचेने कापला होता. "दाराशी पडल्या होत्या," तो धापा टाकत म्हणाला. "उठून आल्या असणार, कडीपर्यंत हात पोचला नाही. श्वास आहे, रिम्मा. आहे." आजीच्या तोंडाला फेस होता आणि गाल भलतेच गुलाबी दिसत होते. रुग्णवाहिका आली, ऑक्सिजनची नळी लावली, आणि फक्त रिम्मा अर्काद्येव्हनांना आत बसू दिलं.

पुढचे दोन दिवस मनिवान वसतिगृहात एका मैत्रिणीच्या पलंगावर कडेला झोपली. आजी शुद्धीवर आली, एवढं वर्गात कळलं. तिसऱ्या दिवशी ती संत्री घेऊन इस्पितळात गेली.

आजी उशीला टेकून बसली होती. एकदम म्हातारी दिसत होती. रिम्मा अर्काद्येव्हना खिडकीपाशी उभ्या होत्या आणि दोघींचं काहीतरी चाललेलं होतं.

"घर विकायचं, बस्स," रिम्मा अर्काद्येव्हना म्हणत होत्या. "माझ्याकडे राहायचं. आज झडप लावून झोपलीस, उद्या गॅस उघडा टाकशील."

"मला आठवतच नाही गं," आजी म्हणाली. तिचा आवाज ट्रामवाला नव्हता, बारीक होता. "पंचावन्न वर्षं ती भट्टी पेटवतेय. कशी लावली असेन मी?"

मनिवानच्या हातातली पिशवी खसखसली. दोघींनी वळून पाहिलं. गप्प राहिली असती तर कोणालाच कळलं नसतं. शिष्यवृत्ती राहिली असती, वर्ग राहिला असता. आजीचं घर मात्र गेलं असतं.

"झडप बंद झाली..." ती म्हणाली.

"हे तू त्या दिवशीही म्हणालीस," रिम्मा अर्काद्येव्हना शिकवण्याच्या सवयीने म्हणाल्या. "झडप आपोआप बंद होत नाही. कोणी केली?" आणि म्हणता म्हणता त्या थांबल्या.

"मी," मनिवान म्हणाली. "मी लावली. आजी बोलली ते मला कळलं नाही. मी मान हलवली. निळी ज्वाळा होती, मी लावली."

शेजारच्या पलंगावरच्या बाईने तोंड भिंतीकडे केलं.

"तीन दिवस," रिम्मा अर्काद्येव्हना हळू म्हणाल्या. "तीन दिवस मी आईला बोलतेय. आणि तू वर्गात माझ्यासमोर बसत होतीस."

"हो."

"बाहेर जा."

"थांब," आजी म्हणाली. तिने मनिवानचं मनगट धरलं. पकड सुटली नाही. "म्हणजे मी नाही लावली?"

"नाही."

आजीने डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. "मला वाटलं माझं डोकं गेलं," ती म्हणाली. "इथे पडून मी दिवसांची नावं मोजत होते, नातवंडांची नावं मोजत होते. डोकं गेलं तर जगून काय करू, म्हणत होते. रिम्मा, ऐकलंस? मी नाही लावली." मग तिने डोळे उघडून मनिवानकडे पाहिलं. "आणि तू, बावळट कार्टे, मला मारलं असतंस."

"हो," मनिवान म्हणाली आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसून रडू लागली.

आजी बाराव्या दिवशी घरी आली. डोकेदुखी तिला पुढे कायमची राहिली. फेब्रुवारीअखेर तिने गेन्नादीला वसतिगृहात पाठवलं, मान्याला आणि तिच्या गाठोड्याला घेऊन ये म्हणून. रिम्मा अर्काद्येव्हनांनी विरोध केला. मग त्यांनी स्वतः विषारी हवा ओळखणारं यंत्र आणून भिंतीवर ठोकलं, आणि वर्गाबाहेर मनिवानशी एक शब्दही न बोलणं सुरू ठेवलं.

मार्चमधल्या एका रविवारी त्या जेवायला आल्या. आजी बोलत होती, त्या आणि मनिवान जेवत होत्या. मध्येच आजी मीठ आणायला उठली. रिम्मा अर्काद्येव्हनांनी ताटलीवरची नजर न उचलता विचारलं, "तुझ्या आईला सांगितलंस का हे सगळं?"

"नाही," मनिवान म्हणाली.

"सांग," त्या म्हणाल्या, आणि खारवलेल्या काकड्यांची वाटी तिच्याकडे सरकवली.