अत्तराच्या कापसातले आयसी

बंगळूरहून आलेल्या त्या पत्राला शिवयोगींनी उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलं नाही हे त्यांना रोज नेमकं अंगावर पाणी घेताना आठवायचं.

पत्र लिहिणारा वीरभद्रप्पा हिशेबाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. सोलापुरात त्या यंत्रांची दुरुस्ती शिवयोगींकडे असे. शिवयोगींचं नाव पाहून त्यानं मुद्दाम कन्नडमध्ये लिहिलं होतं: 'मेलेले म्हणून तुम्ही परत पाठवलेले तिन्ही आयसी इथून निघताना चांगले होते. बसवताना तुम्ही काय काय करता, ते कळवा. चौथा पाठवतो आहे. तोही गेला तर काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल.'

काय कळवणार? आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसानं 'का मरतात मला ठाऊक नाही' असं लिहायचं? तेही कन्नडमध्ये? घरात कन्नड असलं तरी शाळा मराठीत झालेली. त्यांचं कन्नड अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. मनातून त्यांना वाटायचं, आपले हातच गेले आता. दुकान बंद करावं आणि वाचत बसावं.

तसं काळजी घेण्यात त्यांनी कसूर ठेवली नव्हती. नवी पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात शॉक बसू नये म्हणून जाड रबरी मॅट अंथरली होती, पायात रबरी चपला होत्या. असल्या महागड्या यंत्रापुढे मळक्या सदऱ्यात बसणं बरं दिसेना, म्हणून जावयानं दिलेला टेरिलीनचा शर्ट घालत. आयसी म्हणजे दोन्ही बाजूंना पाय फुटलेला झुरळाएवढा काळा तुकडा. तो यायचा काजळीसारख्या स्पंजात पाय खुपसून. ती घाण त्यांना बघवत नसे. ते आयसी उपसून काढत आणि शेजारच्या हुसेनसाब अत्तरवाल्याकडच्या पांढऱ्याशुभ्र कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत ठेवत.

"अण्णा, बाळंतपण काढताय का कुणाचं?" कापूस देताना हुसेनसाब विचारायचे.

"नाजूक असतंय हो ते."

"मंग थोडा मोगरा लावून देतो की. मेलं तरी वास चांगला येईल."

आता श्रीपूरच्या साखर कारखान्याचं यंत्र टेबलावर येऊन पडलं होतं. गाळप ऐन भरात, आणि तिथला हिशेबनीस निरोपावर निरोप धाडत होता. चौथा आयसी अजून स्पंजातच होता. शिवयोगी त्याच्याकडे बघत, उसासा टाकत आणि पुस्तक उघडत.

एका दुपारी त्यांची बायको दाक्षायणी डबा घेऊन आली. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली नायलॉनची साडी नेसली होती. हवा थंड आणि कोरडी ठाक. मॅटवरून पाय घाशीत ती आत आली, लोखंडी रॅकला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अवं, तुमच्या दुकानात करंट हाय."

शिवयोगींनी रॅकला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. "बघ. काही नाही."

"मंग मला काय बसलं? तुमाला बसत न्हाय व्हय?"

"बसतो की. रोज. मला वाटलं, वय झालं."

"वय झालं की करंट येतोय? मग आमच्या आईनं आख्खी गल्ली उजळली असती."

हसता हसता शिवयोगी थांबले. शाळेतला कंगवा आठवला, केसांवर घासून कागदाचे कपटे उचलणारा. त्यांनी मीटर काढला आणि त्याची दोन टोकं त्या काळ्या स्पंजात खुपसली. काटा हलला.

म्हणजे स्पंजातून वीज वाहत होती. आयसीचे सगळे पाय त्यानं आपसात जोडून ठेवले होते, बाहेरची वीज एखाद्याच पायातून शिरून आतलं जाळू नये म्हणून. आणि आपण? टेरिलीननं अंगात वीज साठवायची, रबरानं ती जमिनीत जाऊ द्यायची नाही, आणि मग स्पंजातून उपसलेल्या आयसीला हळुवार हातानं शिवायचं. काळजी म्हणून जे जे केलं, त्यानंच तो मरत होता.

लगेच शंकाही आली. आपण एवढे हुशार असतो तर तीन मेले असते का?

तरी त्यांनी मॅट गुंडाळली, चपला काढल्या आणि जुना सुती सदरा चढवला. अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून दाक्षायणीनं शहाबादी फरशीवर पाणी शिंपडलं. सोल्डरिंग आयर्नमधूनही वीज झिरपू नये म्हणून तो तापला की प्लग काढायचा आणि मगच डाग द्यायचा, असं ठरलं. शेवटी त्यांनी उघडी तांब्याची तार मनगटाला गुंडाळली आणि दुसरं टोक नळाच्या लोखंडी पाइपला बांधलं. चुकून लाइनचा करंट आलाच तर जीव वाचावा म्हणून मध्ये एक मोठा रेझिस्टन्स जोडला.

"हे काय, काकण?" दाक्षायणी म्हणाली. "पुन्ना लगीन करताय?"

हुसेनसाब दारातून डोकावले. "बरं केलंत वैनी, बांधून घातलं ते. पुस्तक घेऊन पळायचे."

शिवयोगी टेबलाकडे वळले. त्यांनी स्पंजातून आयसी उचलला, सरळ जागेवर बसवला आणि एकेका पायाला डाग दिला. मग तार सोडली, यंत्र जोडलं आणि डोळे बारीक करून बटण दाबलं.

काचेत लाल शून्य उगवलं.

"शून्यच आलं की," दाक्षायणी म्हणाली.

"शून्यच यायला पाहिजे."

"मग येवढा घाम कशाला?"

त्यांनी साताला आठानं गुणलं. छप्पन्न आले. पुन्हा गुणलं. पुन्हा छप्पन्न.

संध्याकाळी ते कन्नडमध्येच उत्तर लिहायला बसले. मॅट, शर्ट, कापूस, सगळं लिहिलं. स्पंज घाण म्हणून फेकत होतो, हेसुद्धा.

"त्याला वाचता येईल का हे?" त्यांनी विचारलं.

"असली यंत्रं बनवतोय त्यो. तुमचं अक्षर बी लावंल की."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी त्यांचा हात अडला. 'असं मला वाटतं' हे पत्रात किती वेळा आलंय, एकदा मोजावं का? मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी अंग चोरलं, आणि त्या नादात पत्र आत पडलं.